दप्तराची दुसरी प्रत : क्लाउडवरून चालणारे नेटवर्क आणि बॅकअप

गावच्या कारभारात दप्तराचे मोल काय असते, हे ज्यांनी ते सांभाळले आहे त्यांना सांगावयास नको. जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टीची आकारणी, शाळेचे जनरल रजिस्टर, सभेचे इतिवृत्त यांपैकी एक वही गहाळ झाली, तरी त्याचा त्रास वर्षानुवर्षे पुरतो. आणि तो त्रास वही हरवणाऱ्यापेक्षा दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या सामान्य माणसासच अधिक होतो. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या इमारतीस आग लागली, तेव्हा अनेक विभागांच्या नस्त्या भस्मसात झाल्या. ज्या कागदाची प्रत दुसऱ्या कार्यालयात असते तो कागद अशा प्रसंगानंतरही पुन्हा उभा करता येतो. ज्याची प्रत कोठेच नसते तो कायमचा जातो. हा धडा कागदाच्या काळातील असला, तरी संगणकाच्या काळात त्याचे महत्त्व कमी झालेले नाही. किंबहुना ते वाढले आहे.

आज अनेक कार्यालयांत, शाळांत व ग्रामपंचायतींत दप्तराचा मोठा भाग संगणकावर आला आहे. या संगणकांना एकमेकांशी व बाहेरच्या जगाशी जोडणारे नेटवर्कही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. त्याचे नियंत्रण दूरच्या संगणक-केंद्रातून, म्हणजेच क्लाउडवरून, होऊ लागले आहे. माहितीच्या राखीव प्रतीही, ज्यांस सर्वजण बॅकअप या नावानेच ओळखतात, क्लाउडवर ठेवल्या जात आहेत. या दोन्ही व्यवस्था बहुधा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पुरवठादारांकडून घेतल्या जातात व त्यांचा एकत्रित विचार क्वचितच होतो. तो का झाला पाहिजे व कसा करावा, हे समजावून देण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

क्लाउडवरून चालणारे नेटवर्क म्हणजे काय?

कार्यालयातील नेटवर्कमध्ये साधारणतः तीन प्रकारची उपकरणे असतात. बाहेरची इंटरनेट जोडणी आत घेणारा राऊटर, निरनिराळ्या संगणकांच्या तारा एकत्र आणणारा स्विच, आणि बिनतारी जोडणी देणारा वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट. या प्रत्येक उपकरणास काही सूचना द्याव्या लागतात. कोणत्या संगणकास कोणता पत्ता द्यावा, पाहुण्यांच्या वाय-फायवरून लेखाशाखेच्या संगणकापर्यंत पोहोचता येऊ नये, कोणत्या कामास किती वेग मिळावा, अशा या सूचना असतात. त्यांनाच सेटिंग म्हणतात. उपकरण म्हणजे केवळ धातूची पेटी. तिच्यातील सेटिंग हेच नेटवर्कचे खरे दप्तर होय.

पूर्वी ही सेटिंग बदलावयाची तर तंत्रज्ञास त्या उपकरणापाशी किंवा निदान त्याच नेटवर्कमध्ये जावे लागे. क्लाउडवरून चालणाऱ्या पद्धतीत उपकरण सुरू होताच इंटरनेटमार्गे उत्पादक कंपनीच्या केंद्राशी संपर्क साधते व आपली सेटिंग तेथून उतरवून घेते. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला अधिकारी डॅशबोर्ड नावाच्या एकाच पडद्यावर पन्नास शाळांचे राऊटर पाहू शकतो व एका आदेशाने त्या सर्वांची सेटिंग बदलू शकतो. या पद्धतीचा प्रसार करणाऱ्या कंपन्यांमध्ये मेराकी ही एक अग्रेसर कंपनी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधनातून २००६ साली ती उभी राहिली व २०१२ साली सिस्को कंपनीने ती १२० कोटी डॉलरना विकत घेतली. आज अनेक कंपन्या अशी उपकरणे बनवितात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अशा नेटवर्कमधून दोन प्रवाह वाहत असतात. एक नियंत्रणाचा : सेटिंग, उपकरणाची स्थिती, इशारे. दुसरा प्रत्यक्ष कामाचा : पत्रे, फायली, अर्ज. सर्वसाधारण रचनेत पहिला प्रवाह उत्पादकाच्या क्लाउडकडे जातो. दुसरा तिकडे न जाता थेट आपल्या मुक्कामी जातो. म्हणूनच उत्पादकाच्या केंद्राशी संपर्क काही काळ तुटला, तरी उपकरण शेवटच्या सेटिंगवर काम करीत राहते. परंतु याचा दुसरा अर्थ असा, की नेटवर्क क्लाउडवरून चालते म्हणून कार्यालयाच्या फायली आपोआप क्लाउडवर सुरक्षित झाल्या, असे मुळीच होत नाही. हा समज आजही अनेक ठिकाणी आढळतो.

प्रतिबिंब आणि प्रत

याहून सूक्ष्म असा दुसरा समज आहे. फायलींचे काही का असेना, नेटवर्कची सेटिंग तरी कंपनीच्या क्लाउडवर आहे, मग तिच्या बॅकअपची वेगळी चिंता कशाला, असे म्हटले जाते. या समजाची परीक्षा ऑगस्ट २०१७ मध्ये झाली.

त्या महिन्याच्या ३ तारखेस मेराकीच्या अभियंत्यांनी उत्तर अमेरिकेतील आपल्या साठवण-व्यवस्थेवर एक चुकीचे धोरण लागू केले. त्यामुळे ग्राहकांनी त्याआधी चढविलेली काही माहिती पुसली गेली. उपकरणे कोठे बसविली आहेत हे दाखविणारे इमारतींचे नकाशे, उपकरणांची छायाचित्रे, संस्थांची बोधचिन्हे, दूरध्वनीवरील ध्वनिमुद्रित सूचना अशा स्वरूपाची ती माहिती होती. नेटवर्कची मूळ सेटिंग शाबूत राहिली व कंपनीने चूक जाहीर करून ती दुरुस्तही केली. तथापि, ज्यांनी आपल्या नकाशांची व छायाचित्रांची प्रत स्वतःकडे ठेवली नव्हती, त्यांच्यापुढे ते काम पुन्हा करण्याचा प्रश्न उभा राहिला. चूक ग्राहकाची नव्हती. पण तिचा भार मात्र ग्राहकावर पडला.

यातून प्रतिबिंब आणि प्रत यांतील भेद स्पष्ट होतो. आरशासमोरील वस्तू हलली की प्रतिबिंबही हलते. वस्तू गेली की प्रतिबिंबही जाते. डॅशबोर्डवर दिसणारी सेटिंग ही चालू सेटिंग असते. एखाद्या कर्मचाऱ्याने चुकून एक ओळ खोडली, तर ती त्याच क्षणी सर्व उपकरणांवरून खोडली जाते. कालची सेटिंग काय होती हे सांगणारी, आजच्या बदलाने न बदलणारी, वेगळ्या जागी ठेवलेली नोंद म्हणजे प्रत. फायलींनाही हेच लागू आहे. दोन संगणकांवर एकच फाइल सतत जुळवून ठेवणारी सोय ही सोय खरी, परंतु तो बॅकअप नव्हे. कारण एकीकडे खोडलेले दुसरीकडेही खोडले जाते.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या सेवानिवृत्ती निधीस याचा मोठा अनुभव आला. सहा लाखांहून अधिक सभासदांच्या या निधीची यंत्रणा गूगलच्या क्लाउडवर होती व ती दोन ठिकाणी उभारलेली होती. गूगलकडून झालेल्या मांडणीतील एका चुकीमुळे ती संपूर्ण जागाच रद्द झाली आणि दोन्ही ठिकाणची यंत्रणा एकदमच गेली. सभासदांना सुमारे आठवडाभर आपली खाती पाहता आली नाहीत. तरीही निधी सावरला, कारण त्याने बॅकअप स्वतंत्रपणे राखले होते व त्यांत दुसऱ्या सेवादात्याकडे ठेवलेल्या प्रतींचाही समावेश होता.

याच्या उलट अनुभव दक्षिण कोरियाच्या शासनास आला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील राष्ट्रीय माहिती-संसाधन केंद्रात लिथियम बॅटऱ्या हलविण्याच्या कामादरम्यान आग लागली व शासनाच्या शेकडो संगणक-प्रणाली बंद कराव्या लागल्या. शासकीय कर्मचारी आपली कामाची कागदपत्रे जेथे ठेवीत, ती जी-ड्राइव्ह नावाची साठवणही त्यात नष्ट झाली. तिच्यातील माहिती ८५८ टेराबाइट होती. आकार फार मोठा म्हणून तिची बाहेर कोठेही प्रत ठेवलेली नव्हती. संगणकीकरणात जगाच्या पुढे असलेल्या देशातील ही घटना आहे. यंत्रसामग्री कितीही प्रगत असली तरी दुसरी प्रत नसेल तर तिचा उपयोग नाही, हे यावरून दिसते.

दोन व्यवस्थांची सांगड

नेटवर्क व बॅकअप यांचे नाते दुहेरी आहे. नेटवर्कच्या सेटिंगचा बॅकअप हवा, ही एक बाजू. आणि बॅकअपची वाहतूक, सुरक्षितता व नोंद यांसाठी नेटवर्कची नीट मांडणी हवी, ही दुसरी. या दोन्ही बाजू क्रमाने पाहू.

पहिली बाजू सेटिंगची. क्लाउडवरून चालणाऱ्या अनेक नेटवर्क-संचांना एपीआय नावाचे एक द्वार असते. माणूस डॅशबोर्ड डोळ्यांनी वाचतो, त्याप्रमाणे दुसरा संगणक या द्वारातून तीच माहिती मजकुराच्या रूपाने वाचू शकतो. दररोज रात्री एका लहानशा कार्यक्रमाने हे द्वार उघडावे, सर्व उपकरणांची सेटिंग वाचून तारीखवार फायलीत लिहावी व ती फाइल बॅकअप-सेवेकडे पाठवावी, अशी ही साधी रचना आहे. काही संचांत याऐवजी बॅकअपची तयार फाइलच उतरवून घेण्याची सोय असते. रोजच्या फायली जवळ असल्या की कालच्या व आजच्या सेटिंगमधील फरकही ताडून पाहता येतो, आणि नेमके काय बदलल्यामुळे नेटवर्क बिघडले याचा शोध सोपा होतो.

याबाबत तीन दक्षता आवश्यक आहेत. हे द्वार उघडणारी किल्ली शक्यतो केवळ वाचनाचा अधिकार असलेल्या स्वतंत्र खात्याची असावी. पूर्ण अधिकाराची किल्ली चोरीस गेली तर चोर संपूर्ण नेटवर्कच ताब्यात घेऊ शकतो. दुसरे, सेटिंगच्या फायलीत वाय-फायचे पासवर्ड उघड अक्षरांत असू शकतात, म्हणून ती फाइल कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक स्वरूपातच साठवावी. तिसरे, एपीआयमधून सर्वच गोष्टी बाहेर येतात असे नाही. इमारतीचे नकाशे, चढविलेली चित्रे, सुरक्षा-प्रमाणपत्रे यांची प्रत वेगळी ठेवावी लागते. २०१७ च्या घटनेत नेमकी अशाच प्रकारची माहिती गेली होती, याची येथे आठवण ठेवावी.

दुसरी बाजू वाहतुकीची. बॅकअप-सेवा घेताना साठवणीच्या जागेचा हिशेब होतो, पण रस्त्याचा होत नाही. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये मोजतात व फायलींचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. कार्यालयाची माहिती १ टेराबाइट असेल व बाहेर पाठविण्याचा वेग सेकंदास १० मेगाबिट असेल, तर पहिला पूर्ण बॅकअप पोहोचण्यास ८ लाख सेकंद, म्हणजे नऊ दिवसांहून अधिक काळ लागेल. आणि तोही दुसरे कोणतेही काम त्या जोडणीवर न करता. माहिती १०० गिगाबाइट असेल तर सुमारे २२ तास लागतील. त्यानंतर मात्र रोज केवळ बदललेला भाग पाठवावा लागतो. तो १ गिगाबाइट असला तर साधारण १३ मिनिटांत जाईल. प्रत्यक्षात याहून थोडा अधिक वेळ धरावा.

हा हिशेब न करता दिवसा बॅकअप सुरू केला, की दाखले काढण्याच्या खिडकीपाशी रांग थांबते, कर्मचारी त्रासून बॅकअप बंद करतात व तो पुन्हा सुरू होत नाही. येथेच क्लाउडवरून चालणाऱ्या नेटवर्कचा उपयोग होतो. कार्यालयीन वेळेत बॅकअपला थोडा वेग व रात्री पूर्ण वेग द्यावा, असा नियम डॅशबोर्डवरून एकदा घातला, की तो सर्व शाखांना लागू होतो. शिवाय कोणत्या कार्यालयातून रात्री किती माहिती बाहेर गेली हे तेथे दिसते. एरवी रोज १ गिगाबाइट पाठविणाऱ्या शाखेतून सलग तीन रात्री काहीच गेले नाही, तर तेथील बॅकअप थांबला आहे, हे बॅकअप-सेवेच्या अहवालावाचूनही कळू शकते. दोन व्यवस्थांनी एकमेकींवर लक्ष ठेवावे, हा या सांगडीचा मोठा लाभ आहे.

तिसरी गोष्ट विलगतेची. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर खंडणीखोर हल्ला झाला. माहिती कुलूपबंद करून टाकणारा हा हल्ला होता व रुग्णालयास अनेक दिवस हाताने नोंदी कराव्या लागल्या. नेटवर्कचे योग्य विभाजन नसल्यामुळे हल्लेखोरांना शिरकाव मिळाला, असे प्राथमिक विश्लेषण शासनाने पुढे संसदेत सांगितले. हल्ल्याची झळ न पोहोचलेल्या एका बॅकअप-संगणकावरून रुग्णालय-प्रणालीची माहिती परत मिळविता आली, हेही त्याच वेळी सांगण्यात आले. नेटवर्क व बॅकअप यांचा संबंध दाखविणारे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

नेटवर्कचे विभाजन म्हणजे वाड्याला चौकाचौकात दारे असणे. एका चौकात चोर शिरला तरी दुसऱ्याचे दार त्याला बंद असते. शाळेत विद्यार्थ्यांचे संगणक, कार्यालयाचे संगणक, पाहुण्यांचे वाय-फाय व बॅकअपचे यंत्र यांचे स्वतंत्र विभाग करावेत आणि बॅकअपच्या यंत्रापर्यंत आवश्यक तेवढ्याच संगणकांना वाट ठेवावी. क्लाउडवरील बॅकअपच्या खात्याचा पासवर्डही नेटवर्कच्या डॅशबोर्डपेक्षा वेगळा असावा व तो खोटा ठरू नये म्हणून भ्रमणध्वनीवरील ओटीपीसारखी दुसरी खात्री असावी. ठराविक मुदतीपर्यंत कोणालाही, अगदी प्रशासकालाही, पुसता येणार नाही अशी प्रत ठेवण्याची सोय अनेक सेवांत असते. ती अवश्य घ्यावी.

चौथी गोष्ट नोंदीची. केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निदेशांनुसार संगणक-यंत्रणांच्या घडामोडींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे व सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविणे बंधनकारक आहे. हे निदेश शासकीय संस्थांनाही लागू आहेत. डॅशबोर्डवर या नोंदी किती दिवस राहतात हे प्रत्येक कंपनीचे व परवान्याचे वेगळे असते. तो काळ कमी असेल तर या नोंदीही बॅकअपमध्ये सामील करणे हाच उपाय होय.

पोहरा विहिरीत पडू नये

सर्व काही क्लाउडवर ठेवण्यात एक पेच आहे. नेटवर्क बंद पडले तर सेटिंगची प्रत आणण्यासाठी इंटरनेट हवे. आणि इंटरनेट सुरू करण्यासाठी सेटिंग हवी. पाणी काढावयाचा पोहरा दोरासह विहिरीत पडावा, तशी ही अवस्था होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक कंपनीच्या बाबतीत असेच घडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आदेशाने कंपनीची केंद्रे इंटरनेटपासून तुटली. दुरुस्तीची साधनेही त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्याने ती निरुपयोगी ठरली, आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रात जाऊन काम करावे लागले. सेवा सुरळीत होण्यास सुमारे सहा तास लागले. ज्या कंपनीपाशी हजारो तंत्रज्ञ होते तिची ही कथा. तालुक्याच्या ठिकाणी एखादाच तंत्रज्ञ असलेल्या कार्यालयाने तर अधिकच सावध राहिले पाहिजे.

यावरील उपाय जुना व स्वस्त आहे. एका कागदावर इंटरनेट-जोडणीचा क्रमांक व पत्ता, सेवादात्याचा तक्रार-क्रमांक, प्रत्येक उपकरणाचा अनुक्रमांक, नेटवर्कच्या विभागांची यादी व कोणती तार कोठे जाते याचा आराखडा छापून ठेवावा. प्रशासकाचा पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात कार्यालयाच्या तिजोरीत ठेवावा व बदलल्यावर लिफाफाही बदलावा. सेटिंगची अलीकडची फाइल एका पेन-ड्राइव्हवर, तीही सांकेतिक स्वरूपात, जवळ असावी. मोबाइलवरून तात्पुरते इंटरनेट घेऊन डॅशबोर्ड उघडता येतो की नाही, हे एकदा आधीच करून पाहावे.

खाते कोणाचे?

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या एका कार्यालयाची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. तेथील राऊटर वीज कोसळून निकामी झाला. नवा राऊटर दुसऱ्याच दिवशी आला. क्लाउडवरची सेटिंग त्यावर उतरवून घेतली की काम अर्ध्या तासाचे होते. परंतु डॅशबोर्डचे खाते ज्या ठेकेदाराने नेटवर्क बसविले त्याच्या खाजगी ई-मेलवर होते. ठेका दोन वर्षांपूर्वीच संपला होता. ठेकेदाराने तो व्यवसाय सोडला होता, आणि ज्या लिपिकास त्याची माहिती होती त्यांची बदली झाली होती. अखेर नवे खाते उघडून सर्व मांडणी पहिल्यापासून करावी लागली. त्यात बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत पडवीत बसून राहिलेल्या वृद्ध निवृत्तिवेतनधारकांना राऊटर व क्लाउड यांच्याशी काय कर्तव्य होते?

या कार्यालयाने पैसा कमी खर्चिला नव्हता, उपकरणही चांगले होते. उणीव होती ती मालकीच्या नोंदीची. म्हणून नेटवर्कचे व बॅकअपचे अशी दोन्ही खाती कार्यालयाच्या पदनामाच्या अधिकृत ई-मेलवरच उघडली जावीत, निदान दोन अधिकाऱ्यांस प्रशासकाचा अधिकार असावा, आणि बदलीच्या वेळी कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत ही खाती किल्ल्यांप्रमाणे व शिक्क्यांप्रमाणे नमूद व्हावीत. परवान्याच्या मुदतीकडेही असेच लक्ष हवे. काही परवाना-पद्धतींत मुदत व तीवरील सवलतीचे दिवस संपले की उपकरण चांगले असूनही काम करीनासे होते.

प्रतीची परीक्षा

बॅकअप घेतला जातो एवढ्यावर समाधान मानता येत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक-सेवेतील एका अभियंत्याकडून रात्रीच्या कामात चुकीच्या यंत्रावरील माहिती पुसली गेली. कंपनीपाशी बॅकअपचे व प्रतिबिंबाचे मिळून पाच मार्ग होते. ऐनवेळी त्यांपैकी एकही भरवशाचा ठरला नाही. रोजचा एक बॅकअप अनेक दिवस निर्माणच होत नव्हता व तसे कळविणारी ई-पत्रे पोहोचतच नव्हती. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली. कंपनीने हा सारा वृत्तान्त प्रांजळपणे प्रसिद्ध केला, म्हणून तो इतरांना मार्गदर्शक ठरला आहे.

तात्पर्य हे की, परत आणून पाहिल्याखेरीज प्रत ही प्रत मानू नये. महिन्यातून एकदा एखादी फाइल परत आणून उघडून पाहावी. सहा महिन्यांतून एकदा एखाद्या शिल्लक राऊटरवर सेटिंग पुन्हा भरून पाहावी व त्यास किती वेळ लागला हे लिहून ठेवावे. हा वेळ लिहिलेला असला म्हणजे अडचणीच्या दिवशी नागरिकांना काम केव्हा सुरू होईल हे खात्रीने सांगता येते.

कार्यालयांसाठी सारांश

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी छायाचित्रांच्या जपणुकीसाठी मांडलेला एक नियम आज सर्वत्र मान्य झाला आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात व त्यांतील एक प्रत इमारतीबाहेर असावी. हा नियम फायलींना व नेटवर्कच्या सेटिंगला सारखाच लागू करावा. वरील विवेचनातून प्रत्येक कार्यालयाने, शाळेने व पंचायतीने पुढील गोष्टी कराव्यात :

१. नेटवर्क व बॅकअप या दोन्ही खात्यांची मालकी कार्यालयाच्या नावे करून घ्यावी.
२. नेटवर्कच्या सेटिंगची प्रत रोज, किंवा निदान प्रत्येक बदलापूर्वी व बदलानंतर, स्वतंत्र जागी घ्यावी.
३. माहितीचा आकार व इंटरनेटचा वेग यांचा हिशेब करून बॅकअपची वेळ ठरवावी.
४. बॅकअपचा विभाग व पासवर्ड वेगळे ठेवावेत आणि न पुसता येणारी एक प्रत राखावी.
५. घडामोडींच्या नोंदी १८० दिवस टिकतील अशी व्यवस्था करावी.
६. छापील आराखडा व मोहोरबंद लिफाफा अद्ययावत ठेवावा.
७. प्रत परत आणून पाहिल्याची तारीख नोंदवहीत लिहावी.

लहान ग्रामपंचायतीस या सर्व गोष्टी एकाच वेळी जमतील असे नाही. तिने पहिल्या व सहाव्या मुद्द्यापासून आरंभ करावा. त्यास खर्च जवळजवळ काहीच नाही. ज्या शाळेत संगणकाचे शिक्षक आहेत तेथे सातव्या मुद्द्याचे काम वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसमोर, मात्र गोपनीय माहिती न वापरता, पाठ म्हणूनही करून दाखविता येईल. नवी खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी निविदेतच दोन प्रश्न विचारावेत : या उपकरणाची सेटिंग बाहेर काढता येते काय, आणि करार संपल्यावर ती आमच्या हाती कोणत्या स्वरूपात मिळेल?

जगात ३१ मार्च हा दिवस बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तोच दिवस आर्थिक वर्षाच्या अखेरीचा. त्या दिवशी प्रत्येक कार्यालय रोकडवही जुळविते व शिल्लक मोजते. त्याच वेळी एक फाइल व एका राऊटरची सेटिंग परत आणून पाहिली, तर वर्षाचा आणखी एक हिशेब पुरा होईल. दाखल्यासाठी खिडकीपाशी उभा राहणारा नागरिक आपली नोंद कोणत्या यंत्रावर आहे हे विचारीत नाही. ती मिळेल एवढाच विश्वास घेऊन तो येतो. तो विश्वास राखण्याची जबाबदारी पूर्वी दप्तर बांधणाऱ्याची होती. आज ती डॅशबोर्ड उघडणाऱ्या प्रत्येकाची आहे.